दडण्यापुरती जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मांजर असलेल्या घरात एक गोष्ट हमखास घडते. नवा मिक्सर येतो, पंखा येतो, कुणाचे तरी बूट येतात. माणसं त्या वस्तूभोवती जमतात, गॅरंटी कार्ड शोधतात, आणि तेवढ्यात मांजर रिकाम्या खोक्यात जाऊन बसलेलं असतं. चांगले पैसे मोजून आणलेल्या मऊ गादीकडे ते ढुंकून बघत नाही. खोकं अंगापेक्षा लहान असलं तरी चालतं. पोट बाहेर सांडतं, एक पाय लोंबतो, पण चेहऱ्यावरचा भाव असा की या जागेचा सातबारा माझ्याच नावावर आहे.

'खोकं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. 2022 साली राजकारणाने तो पळवून नेला आणि तेव्हापासून भर सभेत कुणी 'खोके' म्हटलं की लोक हसायला लागतात. मला तो शब्द मांजरासाठी परत हवा आहे.

मी बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शेजारधर्मापुरता. पण मांजर खोक्यात का शिरतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं चिकटलेला आहे आणि त्यावर जे वाचलं, जे पाहिलं, ते आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. उत्तर एकच असेल असं समजू नका. मांजराच्या बाबतीत एकच उत्तर कधीच नसतं.

पुठ्ठ्याची खोकी घराघरांत येण्याआधीही मांजरं होतीच की. आमच्या लहानपणी ती कोनाड्यात बसत, माळ्यावर पोत्यांच्या फटीत बसत, धुण्याच्या टोपलीत बसत. चूल विझून राख कोमट झाली की थेट चुलीत जाऊन झोपत आणि सकाळी राखाडी होऊन बाहेर येत. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्यासाठी आणलेले मोठाले भोपळे ठेवलेले असत. कापलेल्या अर्ध्या भोपळ्यात वेटोळं करून झोपलेलं मांजर मी स्वतः पाहिलेलं आहे. कारागीर त्याला हाकलत नसत. दुसरा भोपळा हातात घेत. तेव्हा पुठ्ठ्याचं वेड मांजराला नवीन लागलेलं नाही. वेड आहे ते तीन बाजूंनी आड असलेल्या आणि एका बाजूने उघड्या असलेल्या जागेचं.

हे वेड आलं कुठून? आपल्या घरातलं मांजर ज्या रानमांजरापासून आलं, त्याला शास्त्रज्ञ फेलिस लायबिका म्हणतात. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात ते राहतं. एकटं राहतं, एकटं शिकार करतं. सिंहासारखा कळप नाही, लांडग्यासारखी टोळी नाही. धान्य साठवायला लागलेल्या माणसाकडे उंदीर आले आणि उंदरांमागे ते आलं. सायप्रस बेटावर शिल्लूरोकांबोस नावाच्या ठिकाणी सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की त्या बेटावर मांजर मुळात नव्हतंच. म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून नेलं. आता पाण्याचं नाव काढलं तरी अंग चोरणारा हा प्राणी समुद्र ओलांडून कसा गेला असेल? माझी कल्पना अशी की होडीत एखादी टोपली असणार. ही कल्पनाच आहे, पुरावा म्हणून धरू नका.

मांजराची शिकार करण्याची पद्धत धावण्याची नाही, थांबण्याची आहे. आडोसा धरायचा, अंग जमिनीला लावायचं, बिळाच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि टप्प्यात आलं की झडप घालायची. मराठीत याला 'दबा धरणं' म्हणतात. आणि भीतीने अंग चोरून बसण्याला आपण काय म्हणतो? 'दबकणं'. शब्द एकाच घरातले आहेत. भाषेने हे फार पूर्वी हेरून ठेवलंय की शिकाऱ्याची बसण्याची तऱ्हा आणि घाबरलेल्याची बसण्याची तऱ्हा बाहेरून सारखीच दिसते. मांजराच्या बाबतीत तर ती दोन्ही एकाच अंगात राहतात. उंदरासाठी ते वाघ आहे. पण स्वतः तीन-चार किलोचं, म्हणजे कुत्र्यासाठी आणि मोठ्या हिंस्र पक्ष्यांसाठी तेही घासच. असा प्राणी पाठ कुणाकडे करायची याचा हिशोब सतत करत असणार. खोक्यात शिरलं की पाठ आणि दोन्ही कुशी पुठ्ठ्याच्या हवाली होतात. राहिली एक बाजू, तिच्याकडे डोळे लावले की झालं. येणारा उंदीर असो की कुत्रा, तो समोरूनच येणार.

खोक्याच्या बाजूने आणखीही काही गोष्टी आहेत. मांजराला अगदी जवळचं, नाकासमोर वीतभर अंतरावरचं, नीट दिसत नाही. तिथे त्याच्या मिशा कामाला येतात. अरुंद जागेत अंगाला चारही बाजूंनी स्पर्श होतो आणि तो बहुधा सुखाचा असतो. पिल्लं एकमेकांना आणि आईला बिलगून झोपतात, त्याच जातीतलं ते सुख. मांजराच्या गालाजवळ गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ते खोक्याच्या कडेला गाल घासतं तेव्हा आपली सही करत असतं. पुठ्ठा तो वास धरून ठेवतो, स्टीलचा डबा धरत नाही. शिवाय पुठ्ठा नखांनी ओरबाडता येतो, दातांनी कुरतडता येतो. आणि खोकं नवं असतं. कालपर्यंत जी वस्तू आपल्या मुलखात नव्हती ती आज मधोमध येऊन बसली, तर मुलखाच्या मालकाने तिची झडती घ्यायला नको?

परदेशी लेखांमध्ये उबेचं कारण फार जोरात सांगितलेलं असतं. ते खरं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने 2006 साली दिलेल्या माहितीप्रमाणे मांजराला अंग गरम किंवा थंड ठेवण्यासाठी जादा ताकद खर्च करावी लागू नये, असं तापमान 30 ते 38 अंश सेल्सिअस आहे. आपल्याला अंगावर कपडे असताना पंचविशीच्या आत-बाहेर बरं वाटतं. म्हणजे आपण पंखा लावतो तेव्हा मांजर मनातल्या मनात शाल शोधत असतं. खोक्याचा पुठ्ठा म्हणजे वर एक कागद, खाली एक कागद आणि मधे पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा कागद. त्या लाटांमध्ये हवा अडकते आणि ऊब बाहेर जाऊ देत नाही. हा लाटांचा कागद 1856 साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा निघाला तो उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने 1871 साली तो बाटल्या गुंडाळायला घेतला. आणि ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या माणसाच्या छापखान्यात 1879 साली कागदी पिशव्या छापताना एक धातूची पट्टी वर सरकली. पिशव्या छापल्या जायच्या त्या कापल्या गेल्या. त्या अपघातातून त्याला युक्ती सुचली की कापणं आणि घडी पाडणं एकाच फटक्यात करता येईल. आज आपण दुमडून सरळ उभं करतो ते खोकं त्या युक्तीच्या वंशातलं. मांजरांनी या गेअरसाहेबांचा पुतळा उभारायला हरकत नाही.

पण उबेचा मुद्दा आमच्याकडे पुरा पडत नाही. मे महिन्यात मिरजेत पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा मांजर मोरीजवळच्या गार शहाबादी फरशीवर हातपाय ताणून पडलेलं असतं. त्याच वेळी दारात अनोळखी पाहुणा आला, कुकरची शिट्टी जोरात झाली किंवा लग्नाच्या वरातीचा बँड गल्लीत शिरला, की ते उठून त्या तापलेल्या खोक्यात जातं. ऊब नको असतानाही जातं. म्हणजे ऊब हा वरचा फायदा झाला. मूळ गरज दुसरी आहे.

ती गरज किती खोल असावी याचा एक गमतीदार प्रयोग आहे. जमिनीवर चिकटपट्टीने नुसता चौकोन आखला तरी पुष्कळ मांजरं त्यात जाऊन बसतात, हे 2017 च्या सुमाराला जगभरच्या मांजरवाल्यांनी एकमेकांना फोटो पाठवून दाखवून दिलं होतं. गॅब्रिएला स्मिथ या संशोधक बाईंनी 2020 च्या टाळेबंदीत त्याच्या पुढची पायरी गाठली. इटलीचे मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानित्सा यांनी 1955 साली एक दृष्टिभ्रम मांडला होता. त्याचा चौकोनी नमुना डोळ्यांपुढे आणायचा असेल तर चार भाकरी घ्या, प्रत्येकीची चतकोर तोडा आणि त्या चार कोपऱ्यांवर अशा ठेवा की तोडलेले भाग एकमेकांकडे तोंड करून राहतील. मधे एक चौकोन दिसायला लागतो. तो तिथे नसतो, पण दिसतो. स्मिथबाईंनी लोकांना घरच्या घरी जमिनीवर ही आकृती मांडायला सांगितली. नावं पाचशेहून अधिक मांजरांची आली, पण सगळे दिवस नेमाने प्रयोग पुरा केला तो तीसच मांजरांच्या मालकांनी, आणि त्यांतली नऊ मांजरं आखलेल्या आकृतींपैकी कशात ना कशात बसली. ती नसलेल्या चौकोनात जवळपास तितक्याच वेळा बसली, जितक्या वेळा खऱ्या चौकोनात. त्याच भाकरी उलट्या फिरवून चौकोन मोडला, तेव्हा मात्र जवळजवळ बसलीच नाहीत. 2021 साली हे प्रसिद्ध झालं. नऊ मांजरांवरून सिद्धांत मांडणं धाडसाचं ठरेल, आणि त्या बाईंनीही तसा दावा केलेला नाही. पण माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला त्यात निराळीच मौज वाटते. भिंत नाही, छप्पर नाही, चार कोपऱ्यांची नुसती खूण आहे, आणि तेवढ्यावर कुणीतरी तिला घर समजून बसतं.

जपानमधला मारू नावाचा बोका खोक्यांमुळे जगभर गाजला. 2007 साली जन्मलेला हा गोल चेहऱ्याचा बोका लांबून धावत यायचा आणि घसरत खोक्यात शिरायचा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'बिग कॅट रेस्क्यू' या संस्थेने वाघ-सिंहांना भलीमोठी खोकी देऊन काढलेल्या चित्रफितीही लोकांनी आवडीने पाहिल्या. वाघाला कुणाची भीती? तरी तोही शिरतो. हे सगळं हसण्यासारखं आहेच, आणि हसावंच. पण माझ्या प्रश्नाचं खरं वजन मला हॉलंडमधल्या एका अभ्यासात सापडलं.

उट्रेक्ट विद्यापीठाच्या क्लॉडिया विंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, 2014 साली छापून आला. जागा होती प्राण्यांच्या निवाऱ्याची. अशा निवाऱ्यात मांजर येतं ते कुठल्या अवस्थेत? घर सुटलेलं, माणसं सुटलेली, ओळखीचा वास कुठेच नाही, शेजारच्या पिंजऱ्यात परकी मांजरं, आणि दर तासाला नवा चेहरा आत डोकावतोय. नव्याने आलेली 19 मांजरं घेतली. दहांना पिंजऱ्यात दडायला एक खोकं दिलं, नऊंना दिलं नाही. बाकी खाणंपिणं, जागा, सगळं सारखं. मग रोज त्यांच्या बसण्याची, डोळ्यांची, कानांची, श्वासाची पाहणी करून ताणाचे गुण लिहायचे. एक म्हणजे निवांत, सात म्हणजे गर्भगळीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच फरक दिसायला लागला. खोकंवाली मांजरं सावरली होती. बिनखोक्याची सावरली, पण त्यांना त्याच पायरीला यायला दोन आठवडे लागले. एवढा फरक, आणि तो कशाने? रद्दीवाला किलोवर नेतो त्या वस्तूने.

निवारे चालवणाऱ्यांना एक शंका असायची. मांजर खोक्यात दडून बसलं तर दत्तक घ्यायला आलेल्या माणसाला ते दिसणार कसं? यावर 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दडायला आणि वर चढून बसायला जागा मिळालेली मांजरं उलट आपणहून माणसाजवळ जास्त आली. दत्तक जाण्याच्या बाबतीत त्यांचं काही नुकसान झालं नाही. दडायला मिळालं म्हणून बाहेर यायचं धाडस झालं, असा त्याचा सरळ अर्थ.

हे अभ्यास मी वाचले ते अलीकडे. त्याआधी आमच्या घरी एक खोकं येऊन गेलं होतं.

ऑगस्ट 2019 चा महापूर सांगली-कोल्हापूरची माणसं विसरलेली नाहीत. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची, आणि कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, सांगलीत नदीच्या अंगाला राहायची. दुल्हेभाई, म्हणजे माझे मेहुणे, दोन वर्षांपूर्वीच गेलेले. घरात ती आणि एक मांजर. मांजराचं नाव चिमणी. मांजराला चिमणी म्हणण्याचा विनोद दुल्हेभाईंचा, आणि ते गेल्यावर आपाने तो जपून ठेवला होता. 7 तारखेला तिला बोटीतून बाहेर काढलं. एका हातात कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि त्या भाजीच्या पिशवीत चिमणी. मिरजेत आमच्या दारात ती पोहोचली तेव्हा दोघींच्याही अंगाला तोच चिखलाचा वास येत होता.

चिमणीला खाली सोडलं तशी ती कपाटामागे शिरायला बघू लागली. माझ्या मुलाने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बिस्किटांचं रिकामं खोकं आणलं आणि मागच्या खोलीत आडवं ठेवलं. चिमणी त्यात गेली ती गेलीच. आतून फक्त दोन डोळे. शेजारपाजारच्यांचं मत पडलं की मांजर आजारी आहे, बाहेर ओढून काढा, थोडं दूध पाजा. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मात्र फोनवर म्हणाले, ''हात लावू नका. खाणं, पाणी आणि वाळूचं घमेलं जवळ ठेवा. काय खाल्लं ते तेवढं बघत राहा.'' मांजर दोन दिवसांच्या वर उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढू शकते, जाड मांजराच्या बाबतीत तर विशेष, तेव्हा तसं झालं तर लगेच घेऊन या, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या रात्री वाटी जशीच्या तशी. दुसऱ्या रात्री सुकट थोडी कमी झालेली दिसली. तिसऱ्या रात्री, घर झोपल्यावर, ती बाहेर आली आणि घरभर हिंडली, कारण सकाळी माझ्या टेबलावरच्या कागदांवर पावलं होती.

आपाही त्याच खोलीत होती. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नातेवाईक येत होते, ओळखीपाळखीचे येत होते, सगळ्यांची मनं चांगली होती. पण प्रत्येक जण तेच विचारायचा. पाणी कुठवर आलं? फ्रिज वाचला का? दुल्हेभाईंचे फोटो? ती एका शब्दात उत्तर द्यायची, मग तेही थांबलं. लोक म्हणायला लागले, तिला बाहेर आणून बसवा, चार माणसांत बोलेल तर मोकळी होईल. त्या खोलीला दार नाही. माझ्या बायकोने एक दिवस चौकटीला दोरी बांधली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ''रहने देव उनकू.'' आमच्या घरात मराठी आणि दखनी दोन्ही चालतात, पण काळजीचं बोलणं दखनीतच निघतं. चादरीच्या फटीतून आपाला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. आम्हाला आपा दिसत नव्हती. जेवणाचं ताट आत जायचं, रिकामं किंवा अर्धं बाहेर यायचं. येणाऱ्या माणसाला माझी बायको सांगायची, झोपल्यात.

त्या वर्षी बकरी ईद 12 ऑगस्टला आली. आमच्याकडे ती साधीच होती. मी नमाजाहून परत आलो तर चादर बाजूला झाली होती. आपा पाटावर बसली होती आणि विचारत होती, ''कांदे किती चिरू?'' कुणी काही बोललं नाही. मुलाने कांद्यांची टोपली पुढे सरकवली.

पाणी ओसरलं, घरातला गाळ निघाला, आणि सप्टेंबरात आपा परत सांगलीला निघाली. चिमणी त्याच बिस्किटांच्या खोक्यात. वरून सुतळी बांधलेली, बाजूंना हवेसाठी भोकं. रिक्षावाल्याने विचारलं, ''मावशी, खोक्यात काय आहे?'' आपा म्हणाली, ''चिमणी.'' त्याने आरशातून दोनदा मागे वळून पाहिलं.

लहानपणी मशिदीत आणि घरी एक गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. हदीसमध्ये एका बाईचा उल्लेख आहे. तिने मांजर कोंडून ठेवलं. त्याला खायला घातलं नाही आणि स्वतःचं काही शोधून खावं म्हणून मोकळंही सोडलं नाही. ते मेलं आणि त्या एका गोष्टीपायी ती बाई नरकाला गेली. प्रेषितांचे एक साथी अबू हुरैरा, त्या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाचा बाप. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडून ऐकलेलं. लहान पोराला दोन्हीकडून धाक, त्यामुळे मांजराच्या वाटेला जाण्याची आमची टाप नव्हती. आता या वयात त्या बाईच्या गोष्टीतला एकच शब्द माझ्या मनात अडकून राहतो: कोंडलं. खोक्याच्या भिंती आणि त्या बाईच्या खोलीच्या भिंती मांजराच्या अंगाला सारख्याच लागत असतील. फरक दाराचा आहे. खोक्यात ते आपल्या पायांनी जातं आणि आपल्या मनाने बाहेर येतं. एकाला आपण दडणं म्हणतो, दुसऱ्याला कोंडणं. आत बसलेल्या मांजरावर आपण गंमत म्हणून झाकण लावतो ना, त्या क्षणी पहिल्याचं दुसरं होतं. आतून आवाज बदलतो तो ऐकून पाहा. त्यापेक्षा पाहूच नका, लावूच नका.

हे बोलताना मी ज्या स्टुडिओत बसलो आहे तोही एक खोकंच आहे. जाड दार, भिंतींना भोकांच्या पाट्या, बाहेरचा आवाज आत नाही. समोर कुणी दिसत नाही म्हणूनच कदाचित आपाची गोष्ट सांगता आली. व्यासपीठावर सांगितली नसती. तिची परवानगी घेतली आहे. ''चिमणीचं नाव बदलू नको,'' एवढीच तिची अट.

आता थोडं कामाचं. घरात मांजर असेल, किंवा नवं आणणार असाल, तर पहिले आठ-पंधरा दिवस एक खोकं लागतंच असं समजा. मांजराला आत वळता येईल एवढं असावं. आडवं ठेवावं, पाठ भिंतीला, तोंड खोलीकडे, वर्दळीच्या वाटेत नको. तारेच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाकावी, कारण मांजर पट्टी चावतं. आत प्लॅस्टिकची पिशवी राहू देऊ नये. घरात दोन मांजरं असतील तर खोकी दोन, नाहीतर भांडण मिटवत बसावं लागेल. दवाखान्यात न्यायच्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकला तर तोही खोक्याचं काम करतो. एरवी मोकळं हिंडणारं मांजर अचानक दिवसदिवस दडून राहायला लागलं आणि खाणं सोडलं, तर मात्र ते खोक्याचं प्रेम नाही, दुखणं आहे. मांजर दुखणं सांगत नाही, लपवतं. तेव्हा डॉक्टरांकडे न्यावं.

इमारतीच्या जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये पिल्लं सापडतात. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. जागा धोक्याची वाटली की आई त्यांना मानेला धरून हलवते. म्हणून ती उचलून दुसरीकडे नेऊ नयेत. आई बहुतेक वेळा जवळपासच असते. कोरड्या कोपऱ्यात एक खोकं आडवं ठेवावं आणि दूर व्हावं. पावसाळ्यात आणि थंडीत हीच मांजरं गाडीच्या बॉनेटखाली शिरतात, इंजिनाच्या उबेला. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय ठेवली तर एखादा जीव वाचतो.

महिन्याभरात खोकं ओरबाडून, कुरतडून, चेपून जातं. मग ते रद्दीवाल्याला द्यावं आणि दुसरं आणावं. देण्याआधी एकदा आत हात घालून बघावं.